बेळगावहून आणलेली बाटली

२८ जानेवारी १९६५, मसुरे

शाळेसाठी रोज टाचण लिहायची सवय आहे, म्हणून हेही लिहून ठेवते. टाचणात उद्या काय करायचं ते लिहायचं असतं. इथे काय होऊन गेलं ते लिहायचं, एवढाच फरक.

आज ह्यांना घेऊन मालवणला गेले होते. हे रेडीला लोहखनिजाच्या बार्जांची मोजदाद ठेवणारे कारकून. डिसेंबरात खोकल्यातून रक्त पडलं म्हणून रजा घेऊन घरी आले. आधी सगळे म्हणाले, लाल धूळ छातीत गेली. मग डॉक्टर म्हणाले, टी.बी. तेव्हापासून दीड महिना इंजेक्शनं चालू आहेत. दोन्ही दंडांवर जागा उरली नाही.

डॉक्टरांनी छातीचा नवा फोटो खिडकीकडे धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. पाढा मधेच विसरलेल्या मुलाकडे मी बघते, तशी त्यांच्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "डाव्या फुप्फुसातला डाग एव्हाना लहान व्हायला हवा होता. वाढलाय. टी.बी. असेलही. पण दुसरं काही असेल, तर या औषधांनी भागणार नाही. कापून काढावं लागेल, आणि तेही लवकर."

दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. ह्यांनीही नाही. डॉक्टरांनी बेळगावच्या डॉ. हेरेकरांना चिठ्ठी दिली. ते पडद्यावर बघत बघत पाठीतून सुई घालतात आणि डागाचाच तुकडा काढतात म्हणे. तो तपासला की काय ते कळतं.

बसमध्ये हे म्हणाले, "सुईन जर डाग भायर येता, तर सगळोच काढूक सांगूया." मी हसले. घरी येऊन भात टाकला.

४ फेब्रुवारी

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली. १७ फेब्रुवारी. आमच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगात शोधून सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. एकदा ठरली की मुंबईचे लोक जे हातात असेल ते टाकून निघतात. धाकटे दीर, सदानंद भावोजी, आणि माझी जाऊ सुशीला बोटीने येत आहेत असं पत्रही आलं.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आजपासूनच घरात मासळी बंद केली. बाकीच्या घरांतून आणखी काही दिवस बांगड्याचा वास येत राहील. पण बाबांचं सगळं लवकर सुरू होतं. काय चालतं, काय चालत नाही याची शंका आली की अर्धी वाडी त्यांना विचारायला येते, त्यामुळे त्यांना पुढे राहावंच लागतं.

सुईची बातमी वाडीत पसरली आहे. गाठीला सुई लागली की ती चवताळते असं तीन जणींनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. तिघींनीही ते पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलेलं आहे. बाबा मात्र म्हणाले, "डाक्टर सांगता मा? मगे जावा. देवी कोणाक दवाखान्यात जाव नको म्हणान सांगणा नाय."

मला भीती वाटायला हवी. पण वाटते की नाही तेच नीट कळत नाही. काल वर्गात एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनी तो दोनदा मुकाट्याने ऐकला.

११ फेब्रुवारी, बेळगाव

सुई झाली.

सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात एक गृहस्थ लाल काचांचा चष्मा लावून चहा पीत बसले होते. "डोळे इले बिचाऱ्याचे," असं मी ह्यांना हळूच म्हणाले. तेच डॉ. हेरेकर निघाले. पडद्यावरचा उजेड इतका मंद असतो, की आधी अर्धा तास लाल चष्मा लावून डोळ्यांना काळोखाची सवय करावी लागते. हे सगळं तिथल्या नर्स एस्पेरांसाने सांगितलं. ती मालवणची. आमचं बोलणं ऐकून तिने लगेच विचारलं, "तुमी खंयची? मसुऱ्याची? मगे भियाव नको, मी आसंय थंय." परक्या गावात मालवणी ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं. पण तोवर ह्यांना आत न्यायची वेळ झाली आणि ते राहून गेलं.

मी बाहेर बाकावर. आत अंधार करतात, दाराच्या फटीतूनसुद्धा उजेड दिसत नाही. फक्त डॉक्टरांचा आवाज येत होता, "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." हेच पुन्हा पुन्हा. बाकावर मीही श्वास धरत होते आणि सोडत होते. चाळीस मिनिटं लागली.

बाहेर आणल्यावर ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. "बार्ज मोजण्यापरास कठीण नाय," म्हणाले. आजची रात्र इस्पितळातच ठेवणार आहेत. सुईमुळे फुप्फुसातली हवा कधी कधी बाहेर सुटते, म्हणून.

डॉक्टरांनी मला बाटली दाखवली. बोटभर उंचीची, आत औषधाचं पाणी, आणि तळाशी शेवईचा तुकडा पडावा तसं काहीतरी. एवढंसंच. म्हणाले, "इथे तपासता येईल, पण या बाबतीत मुंबईचा निर्वाळा हवा. पोस्टाने पाठवली तर फुटते. तुमचं कुणी जाणारं आहे?"

मी म्हणाले, धाकटे दीर जत्रेला येत आहेत, वीस तारखेला परत जातील.

"चालेल. औषधात पंधरा दिवस टिकेल. पण त्यापेक्षा उशीर नको. आणि बाटली सांभाळा. सुई पुन्हा घालता येते, गेलेले दिवस परत आणता येत नाहीत."

बाटलीवर इंग्रजीत ह्यांचं नाव लिहिलं आहे, भिकाजी. त्याखाली डावं फुप्फुस. मी ती कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

१३ फेब्रुवारी

घरी आलो. आंबोलीच्या घाटात मी डबा मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईने मोठ्या आपुलकीने विचारलं, "पोरांका खाव घेतलास?" मी हो म्हणाले. आम्हाला मूल नाही.

आता डबा ठेवायचा कुठे? घरात मासळी बंद, ओटी सारवलेली, आणि डब्यात माणसाचं मांस. मी ह्यांना विचारलं, "बाबांका सांगूचा काय?"

हे म्हणाले, "माझ्या आंगात मणभर आसा तां घरात चलता, आणि बाटलयेतला शेवयेएवढा चलाचा नाय?" मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "नको सांगू. मगे त्येंका इचार करूक लागतलो. भायर ठेव खंय तरी."

लाकडांच्या खोपीत, वरच्या फळीवर, जळणासाठी रचलेल्या नारळाच्या सोडणांच्या मागे ठेवला. भावोजी आले की त्यांना सांगायचं. बाबांना उगाच घोर नको.

१८ फेब्रुवारी

काल ताटं झाली.

आमच्यात जत्रेच्या दिवशी लेकीसुना उपवास धरतात, अंघोळ करून चुलीपाशी बसतात आणि देवीचं ताट रांधतात. रांधताना तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न झाल्यापासून माझं हे चौदावं वर्ष. शाळेत दिवसभर बडबड करणारी बाई असूनही माझं मौन कधी मोडलेलं नाही, याचं बाबांना कौतुक आहे.

आम्ही दोघीच होतो, मी आणि सुशीला. ती खुणा करण्यात नाटककंपनीत शोभेल. मीठ हवं तर चिमूट दाखवते, पाणी हवं तर ओंजळ, आणि मी वडा जाड थापला तर गाल फुगवते. मला हसू आवरेना. मी तिला लाटण्याने धमकावलं. भात झाला, भोपळ्याची भाजी झाली, वड्यांचं पीठ मळून झालं. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

दुपारी जाळ कमी पडला. बाबा सोडणं आणायला खोपीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात सोडणं होती आणि दुसऱ्या हातात बाटली. डबा त्यांनी उघडला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत आले नाहीत.

"कावेरी, ह्यां काय?" मग त्यांनीच बाटली उजेडाला धरली. इंग्रजी येत नसलं तरी बाबा मूर्ख नाहीत. "भिकाच्या छातयेतला मा? सुईन काढलेला?"

मी वडा थापत होते.

"माका कोणी सांगूक नाय. आता बघ, देवीच्या ताटाच्या दिसाक ह्यां आवारात ठेवूचा नाय. व्हया आसात तर मी मॅन्युएलच्या घराकडे नेवन ठेवतंय, त्येंका चलता, आणि तो माणूस विश्वासाचो. नको आसात तर खाडयेत सोडतंय. माणसाच्या आंगाचा उकिरड्यार टाकूचा नसता." थोडं थांबून म्हणाले, "व्हया काय नको?"

मौन होतं. मी काय करणार? पीठ हाताला चिकटत होतं, मी पाण्याचा हात लावून पुन्हा थापायला लागले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. फार वेळ नाही, मला वाटतं. सुशीला आज म्हणाली, बराच वेळ. तिचे दोन घाणे तळून झाले.

"बरां," बाबा म्हणाले आणि गेले.

मागच्या पडवीत हे खाटेवर पडून होते, धूर सोसत नाही म्हणून. खाडीची वाट त्यांच्या खाटेला लागूनच जाते. झोपले असावेत.

ताट देवळात वेळेवर गेलं. माझ्या हातून मौन मोडलं नाही. देवीचं असताना मी तरी काय करायला हवं होतं? हा प्रश्न कालपासून तीनदा लिहून खोडला आहे, म्हणून आता खोडत नाही.

२० फेब्रुवारी

सदानंद भावोजींना एकट्याला बाटलीचं आल्या दिवशीच सांगितलं होतं. निघताना त्यांनी ती मागितली. ती गेली हे आदल्या दिवशी सांगायचं होतं, जमलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं.

बाबा ओटीवर होते. तेच म्हणाले, "ती मी खाडयेत सोडलंय."

भावोजी एवढे मोठ्याने ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "बाबा, ती बाटली मुंबईत तपासायला न्यायची होती! त्याच्यावर दादाचं सगळं ठरणार होतं!"

बाबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सुईने घाण काढून टाकली आणि बाटलीत भरून दिली, असं त्यांना वाटलं होतं. ते खाली बसले. "मी इचारलंय रे," म्हणाले. "दोनदा इचारलंय. तिचां मौन होता. ती खंयसून सांगतली?"

सुशीला माझ्याकडे बघत होती. कशासाठी ते कळेना. मग आत ट्रंक भरायला गेली. एरवी निघताना गळ्यात पडते, आज लांबूनच हात हलवला.

मला वाटलं होतं की मी रडेन. रडले नाही. भूक लागली होती. उरलेले दोन वडे खाल्ले.

हे सगळ्यांत शांत. "जांवदे," म्हणाले. "परत टोचूया. शिमगो होवंदे." शिमगा अजून महिनाभर लांब होता. ते ऐकून मला बरं वाटलं. एवढंच काय ते दिवसभरात वाटलं.

२७ मार्च

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. खरं सांगायचं तर बरे गेले ते दिवस. सुईचं नाव कुणी काढत नाही. हे सकाळी कोवळ्या उन्हात बसतात, माझ्या मुलांच्या वह्या तपासतात. माझ्यापेक्षा जास्त गुण देतात. मी शाळेतून आले की वहीतली एखादी चूक वाचून दाखवतात आणि आम्ही हसतो. चौदा वर्षांत हे सलग एवढे दिवस घरी कधी नव्हते. रेडीहून महिन्यातून दोनदा यायचे, तेही झोप काढायला.

बाबा बोलायचे कमी झाले आहेत. खाडीकडे जात नाहीत. बाजाराला जायचं तर वरच्या वाटेने फेरा घेऊन जातात.

शिमग्यात ओरडून ह्यांचा आवाज बसला. सगळ्यांचाच बसतो. बाकीच्यांचा उघडला, ह्यांचा अजून उघडलेला नाही. गूळ-आलं देते आहे. अंगरखा सैल झाला म्हणून कडेने टीप घातली.

१ एप्रिल, बेळगाव

पुन्हा तोच व्हरांडा, तोच लाल चष्मा. डॉ. हेरेकर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. बाटली हरवली एवढंच मी सांगितलं. ह्यांचा आवाज ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हा असा कधीपासून?" शिमग्यापासून, मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.

या वेळी खोकला थांबत नव्हता. एस्पेरांसाने मला आत बोलावलं. "तुमी त्येंचे हात धरा. तुमका बघल्यार वायच थारतले." मला शिशाचा जड झगा घातला आणि दिवे मालवले.

आधी काहीच दिसेना. मग पडद्यावर फिकट हिरवा उजेड, त्यात बरगड्या, आणि त्यांच्या मागे हलणारं काळीज. चौदा वर्षं ज्यांच्याशी संसार केला त्यांचं काळीज मी असं पाहिलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. डाग दिसला. लिंबाएवढा म्हणत होते, तो आता मोसंब्याएवढा होता. मग सुई आली. सरळ रेघ. डागाला जाऊन टेकली.

"लागली?" मी विचारलं.

"तसं वाटतंय खरं," डॉक्टर म्हणाले. "एकाच बाजूने बघितलं की नेहमी तसंच वाटतं. सुई डागाच्या पुढून गेली असेल, मागून गेली असेल, समोरून कळत नाही. कुशीवर वळवून बघावं लागतं." ह्यांना कुशीवर वळवलं. सुई खरंच अर्धा इंच बाहेर होती. तिला मागे घेऊन पुन्हा घातली.

"श्वास धरा," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी माझी बोटं आवळली आणि श्वास धरला. खोकला आला नाही. कसा दाबला, देव जाणे.

"या वेळी बाटली आणि माणूस दोन्ही तुम्हीच मुंबईला न्या," डॉक्टर म्हणाले. मी हो म्हणाले.

१० एप्रिल, मुंबई

भावोजींच्या खोलीवर आहोत. सुशीला सगळं करते, ह्यांचं पथ्य, माझा डबा, इस्पितळातल्या रांगा. माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ हवं तर नुसती चिमूट दाखवते, आणि मला लगेच कळतं.

आज अहवाल मिळाला. कॅन्सर. शब्द लिहायला काही कठीण नाही.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. त्यांना घाई होती, पण त्यांनी ती दाखवली नाही. गाठ आवाजाच्या शिरेपर्यंत पोहोचली आहे, म्हणून आवाज गेला. आता छाती उघडून उपयोग नाही. विजेचे शेक देता येतील, त्याने खोकला थोडा कमी होईल. इथे राहायचं की गावी, ते आम्ही ठरवायचं.

मी विचारलं, "फेब्रुवारीत आलो असतो तर?"

"फेब्रुवारीत आवाज कसा होता?"

"चांगला होता."

ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "मग तेव्हा निदान विचार करता आला असता. गाठ काढता आली असती, असं मी म्हणत नाही. कुणीच सांगू शकणार नाही, बाई."

हे मधेच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गावाक जावया." डॉक्टरांना कळलं नाही. मी त्यांना सांगितलं, आम्ही गावी जातो.

१३ एप्रिल, बोटीवर

सकाळी विजयदुर्ग मागे टाकला. आम्ही डेकवर सावलीत बसलो होतो. हे पाण्याकडे बघत होते. बोलायला त्रास होतो, म्हणून दोन दोन शब्द बोलतात. मी पुढे सलग लिहिते आहे.

म्हणाले, "बाबा बाटली घेवन गेले तो मी बघितलंय."

मी म्हटलं, "तुमी निजलेले."

"निजूक नव्हतंय. डोळे मिटून होतंय. बाबांची चाहूल लागली म्हणान उघडलंय. बाटली हातात होती. पाच पावलांर होते. बाबानू म्हणान हाक मारली आसती तर थांबते." मग पुष्कळ वेळ खोकले. "माका वाटला, जांवदे. आता महिनोभर तरी कोण काय सांगूचो नाय. महिनोभर मी नुसतो भिकाजी."

मी त्यांना पाणी दिलं.

"तुझां बरां. तुका बोलूचाच नव्हता. तू काय करतलंस? माझां तोंड कोणी बांधलेला?" ते रडत होते. आजारपणात पहिल्यांदाच. "सगळां माझ्यामुळे झाला. तू मनाक लावन घेव नको."

मी त्यांचा हात हातात घेतला. तुमची चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. त्यांचं बोलणं ऐकत असताना मला हलकं हलकं वाटत होतं, आणि ते थांबू नयेत असं वाटत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "खरा मा? तुका बोलूचा नव्हता मा?"

"नव्हता," मी म्हणाले.

देवगडला खलाशी वर-खाली करू लागले, माणसं उतरली, नारळाच्या करंड्या चढल्या. मग आम्ही ठरवलं की बाबांना टी.बी. सांगायचं. त्यांच्या हाताने गेली बाटली, ते त्यांना सोसणार नाही. हे म्हणाले, "मी आसंय तितके दीस बाबा खाडयेच्या वाटेन चलूक व्हये."

१५ एप्रिल, मसुरे

परवा आलो. काल दिवसभर बाबांनी काही विचारलं नाही. आज हे झोपल्यावर, मी विहिरीवर असताना आले. शाळेत उशिरा आलेला मुलगा दाराशी उभा राहतो तसे उभे राहिले.

"काय निघाला मुंबैक?"

"टी.बी.च आसा, बाबानू. गोळयो दिल्यानी."

"खरा सांग, कावेरी. माझ्या हातसून काय वायट झाला काय?"

त्यांचे डोळे लाल झाले होते. दोन महिने हा माणूस झोपला नसावा. मी कळशी खाली ठेवली. "नाय, बाबानू. तुमच्या हातसून काय एक झाला नाय." हे तरी खरं होतं. ते बोलताना माझा आवाज थोडासुद्धा हलला नाही.

बाबांनी लगेच अंघोळ केली, धोतर बदललं आणि भर उन्हात देवळात गेले. परत आले ते खाडीच्या वाटेने. हातात देवीपुढे वाढवलेला नारळ. ह्यांच्या उशाशी अर्धी वाटी ठेवली, आणि एक तुकडा काढून सगळ्यांत आधी माझ्यापुढे धरला.

"तुका पयलो," म्हणाले. "त्या दिसाक मी तुझ्या समोर उभो रवान इचारी होतंय. दुसरी कोण आसती तर बोलान मोकळी झाली आसती. तू ताट इटाळूक दिलंस नाय. तुझ्या मौनाक देवी पावली गो."

मी हात पुढे केला. खोबरं ताजं होतं, गोड होतं. बाबा बघत होते, म्हणून सगळं खाल्लं.